ताईच्या नावाची माशी

माझे भाऊजी संग्रहालयात रानमाश्यांच्या विभागात होते. रानमाश्या म्हणजे पोळं न करता जमिनीत एकेकट्या बीळ करून राहणाऱ्या मधमाश्या. नोकरीभर त्यांनी इतरांनी शोधलेल्या माश्या टाचणीवर लावल्या आणि इतरांनी दिलेली नावं चिठ्ठ्यांवर लिहिली. सुट्टी आली की जाळी घेऊन टेकडीवर.

जावई काय करतात असं कोणी विचारलं की आमचे थोरले काका सांगायचे, "माश्या मारतात. पगार घेऊन." सगळे हसायचे. ताईही हसायची, पण ओठांनीच.

निवृत्ती जवळ आली तेव्हा भाऊजींना एकाच उतारावर चार वेगळ्या माद्या मिळाल्या. त्या गटात मादीचा चेहरा काळा असतो. ह्यांच्या चेहऱ्यावर पिवळा ठिपका होता. त्यांनी महिनोन्‌महिने ताडून पाहिलं, चित्र काढलं, नवी जात म्हणून लेख छापून आणला आणि जातीला ताईचं नाव दिलं.

ताईने तो कागद शेजारणीपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवला. मला म्हणाली, "सुट्ट्या सगळ्या त्या टेकडीने खाल्ल्या रे. पण वसूल झाल्या."

वर्षभरात भाऊजींची जुनी विद्यार्थिनी, आता विभागाची प्रमुख, घरी आली. मी तिथेच होतो.

"सर, तुमच्या त्या माद्यांच्या पोटाच्या पट्ट्यांमधून एक तपकिरी कण डोकावतोय. तुमच्या चित्रात तो नाही."

"मळ आहे तो. मळ चित्रात घ्यायचा नाही, हे तुला मीच शिकवलं."

"मळ नाही, सर. किडा आहे. चौघींच्याही पोटात. तो आत वाढला की मादीचा चेहरा नरासारखा पिवळा दिसायला लागतो. ही आपली नेहमीचीच माशी आहे. आजारी."

भाऊजी बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "मीच लिहितो तसं."

ताई दारात उभी होती. "मग नावाचं काय?"

"रद्द होतं, काकू."

"दुसरी सापडेल तिला द्या."

भाऊजी खाली बघत म्हणाले, "त्या गटात ते पुन्हा देता येत नाही. नियम आहे. एकदा दिलेलं नाव चुकीचं म्हणून यादीत कायम राहतं."

"म्हणजे मी मेल्यावरही चुकीचीच?"



भाऊजींचा लेख आला. त्यांच्या प्रामाणिकपणाचं संग्रहालयात कौतुक झालं. त्याच आठवड्यात मी गेलो, तर ताई आपली गादी आतल्या खोलीतून बाहेर ओढत होती. आत माश्यांच्या पेट्यांची कपाटं होती आणि पेट्यांत डांबरगोळ्या.

"वास सहन होत नाही," ती म्हणाली.

"इतकी वर्षं कधी बोलली नाहीस," भाऊजी म्हणाले.

"इतकी वर्षं वाटायचं, त्यातून काहीतरी निघेल."

भाऊजी गादीचं दुसरं टोक धरायला वाकले.

"तुम्ही राहू द्या," ताई म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "तू धर रे."