जावईबापूंची परतीची मुदत

आमच्या जावईबापूंना अख्खं रुग्णालय 'जैसे थे' म्हणायचं. तोंडावर नाही, पाठ फिरली की. मी मात्र तोंडावर म्हणते. मावससासूला तेवढा हक्क असतो.

त्यांचं काम रुग्णालयाच्या नेटवर्कचे स्विच सांभाळायचं. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. सगळे कॉम्प्युटर ज्याच्यामार्फत एकमेकांशी बोलतात तो डबा. कोणाचं कोणाशी बोलणं होऊ द्यायचं, हे त्या डब्यातल्या एका फाइलीत लिहिलेलं असतं. थोडक्यात माझंच काम, पण पगारी.

माणूस भारी सावध. फाइलीत एक ओळ बदलायची तरी आधी जुनी फाइल जपून ठेवणार. वर डब्याला बजावणार, 'पंधरा मिनिटांत मी थांब म्हटलं नाही, तर आपणहून बंद होऊन पुन्हा चालू हो आणि जुनी फाइल वाच.' म्हणजे चुकीची ओळ घालून स्वतःच बाहेर अडकले, तरी गाडं आपोआप पूर्वपदावर. यंत्राला ही युक्ती ठीक आहे हो. पण या गृहस्थांनी ती माझ्या भाचीवर चालवली!

भाची तिथेच औषधांच्या खिडकीवर. हे रोज तिच्या कॉम्प्युटरची तार तपासायला यायचे. तार बिचारी ठणठणीत. शेवटी एकदाचं तोंड उघडलं, तेही कसं? "लग्नाचं विचारतोय. उद्या जेवणाची सुट्टी संपेपर्यंत उत्तर आलं नाही, तर मी काही विचारलंच नव्हतं असं समजू. जैसे थे."

भाची घरी येऊन माझ्यावर तडकली. "मावशी, माणूस आवडतो गं मला. पण हा लग्नानंतरसुद्धा मागचं दार उघडं ठेवील!"

"मग त्यालाच सांग की. माझ्यापुढे कुरकुरून काय होणार?"

दुसऱ्या दिवशी मी रक्तदाबाच्या गोळ्यांच्या रांगेत हजर. गोळ्या घरी होत्या, पण असा दिवस कोण सोडतं? सुट्टीत जावईबापूंनी वरच्या खोलीत बसून डब्यात नवं सॉफ्टवेअर चढवलं. ते नीट बसलं. मग औषधांच्या खिडक्यांच्या तारा डब्यात नव्या जागी लावल्या, त्या नव्या जोडणीच्या ओळी फाइलीत घातल्या आणि नेहमीची मुदत लावली. खिडकीतले कॉम्प्युटर सुरू झाले. ते सांगायला भाची वर गेली. मी मागोमाग जिन्यापर्यंत. माझे गुडघे दुखतात, कान नाही.

"चालतंय सगळं," ती म्हणाली. "आणि कालच्या प्रश्नाचं उत्तर असं घड्याळ लावून मिळणार नाही. आधी ती मुदत काढा. विचारलंत ना? मग विचारलंत."

वरून सूर आला, "काढली. उत्तर कधीही द्या. नाही म्हणालात तरी विचारलेलं मागे घेणार नाही."

भाची लाल होऊन खाली आली. रांग सरकली, माझा नंबर लागला, आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरायला लागलं. सगळ्याच खिडक्यांत. "अहो बाई, काय चाललंय?" "सकाळपासून उभे आहोत!" एकच गिल्ला झाला. मोठे डॉक्टर धावत आले. पाठोपाठ जावईबापू, तोंड पांढरंफटक.

"नवं सॉफ्टवेअर बिघडलं का?"

हो म्हणाले असते तर सुटले असते. पण नाही!

"नाही साहेब. डब्याला थांब म्हणायचं राहिलं. तो जुन्या फाइलीवर गेला, आणि तिच्यात ही नवी जोडणी नाही."

"राहिलं? तुमच्याकडून?"

"यांची मुदत काढली," त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं, "त्या आनंदात डब्याची राहून गेली."

रांगेतल्या सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. एक आजोबा तर खोकला दाबून उभे. भाचीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आधी वर जा. ओळी पुन्हा घाला आणि या वेळी डब्याला थांब म्हणायला विसरू नका." मग जरा थांबून, "आणि माझं हो आहे."

परवा त्यांच्याकडे गेले तर कपाट दुसऱ्या भिंतीला न्यायचं चाललं होतं. जावईबापूंनी हळूच मोबाइल काढला, आधीच्या जागेचा फोटो घ्यायला. भाचीने नुसतं वळून पाहिलं. मोबाइल खिशात गेला, आणि जावईबापूंनी कपाटाला खांदा लावला.