अडीच विटांवरचं अंतराळ

मेहरूणच्या तळ्याजवळ, पत्र्याच्या एका खोलीत, पडल्या पडल्या अंतराळात जाऊन आलेला माणूस अख्ख्या खानदेशात एकच झाला आणि तो आमचा घरमालक होता. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाडेकरू. नुकताच कॉलेजात कारकून म्हणून चिकटलो होतो. लायकी म्हणाल तर एवढीच, की कुणाचाही आवाज दोन मिनिटांत काढायचो. प्राचार्य, पोस्टमन, भुसावळच्या फलाटावरचा चहावाला, सगळे माझ्या घशात मुक्कामाला. घरमालकांची नक्कल तर सगळ्यात सोपी, कारण ते कुठलंही वाक्य 'तत्त्वतः'पासून सुरू करायचे. "तत्त्वतः वरण आळणी आहे." "तत्त्वतः हे मांजर आपलं नाही." चष्मा कपाळावर सरकवून एवढं म्हटलं की कॉलेजची सगळी स्टाफरूम लोळायची.

ते रोज शटलनं भुसावळला जायचे, रेल्वेच्या टेलिफोन खात्यात. उंच मनोऱ्यावर परातीएवढ्या तबकड्या बसवलेल्या असत. इकडचं बोलणं त्यांतून तिकडच्या मनोऱ्यावर फेकायचं, तारेशिवाय. त्या यंत्रातली एक जळून गेलेली नळी त्यांनी मागून घरी आणली होती. क्लायस्ट्रॉन तिचं नाव. ती देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, सणावाराला तिलाही हळदकुंकू लावायच्या. घरमालक म्हणायचे, "तत्त्वतः ती मेलेली आहे." वहिनी म्हणायच्या, "मग देव्हाऱ्यात ठेवू नका. आणि ठेवलीय तर मेली म्हणू नका."

एकदा मी थट्टेनं विचारलं, की हिच्यात नक्की होतं काय? त्यांनी मला सायकलवर डबलसीट घेतलं आणि थेट रेल्वेच्या फाटकावर नेलं. म्हणाले, "बघा. ट्रक, सायकली, बैलगाड्या सुट्या सुट्या येतात. तसे नळीत इलेक्ट्रॉन, एकामागे एक. आता मध्येच कुणी पुढच्याला जरा थोपवलं, मागच्याला जरा रेटलं, तर पुढं गेल्यावर काय होईल? मागचा पुढच्याला गाठेल. सगळा घोळका एकदम पुढच्या पुलावर. पूल हादरेल. पुन्हा मोकळा, पुन्हा घोळका. ते हादरणं म्हणजे आपली लहर. तत्त्वतः माणसाचं बोलणं त्या हादऱ्यावर बसून जातं." मग आवाज खाली आणून म्हणाले, की परदेशात या नळीचे थोरले भाऊ आहेत. त्यांचा एकच दणका पापणी लवायच्या आत संपतो, पण तेवढ्यात जळगावच्या सगळ्या दिव्यांना पुरून उरेल अशी ताकद सोडतो. हे सांगताना त्यांचे डोळे लहान पोराचे झाले होते. केळीचे ट्रक धूळ उडवत गेले आणि मी, आयुष्यात प्रथमच, कुणाचीही नक्कल न करता पंधरा मिनिटं उभा राहिलो.

आपला माणूस अंतराळात जाऊन आला, तेव्हा तो वरून काय बोलला हे गावभर प्रत्येक जण म्हणून दाखवत होता. मी तर खरखरीसकट. घरमालक म्हणाले, "तत्त्वतः, काय बोलला ते सगळे सांगतात. ते खाली पोचलं कसं, हे कुणी विचारत नाही." मग बराच वेळ नळी पुसत राहिले. "आपण पोचवणारे. जाणारे कधी होणार?"

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं होतं, की वर गेल्यावर शरीराचं काय होतं हे बघायला शास्त्रज्ञ माणसाला खाली खाटेवरच निजवतात, पाय वर आणि डोकं सहा अंश खाली. रक्त डोक्याकडे धावतं, थेट वरच्यासारखं. यावर काम करणाऱ्या एका डॉक्टरांना त्यांनी पत्र टाकलं. उत्तर आलं, की एकवीस दिवस अखंड पडून राहिलात आणि रोजची नोंद ठेवलीत तर वही जरूर पाठवा, मी वाचेन. मध्ये एकदा जरी उठून बसलात तरी त्या वहीचा उपयोग नाही. घरमालकांनी साठवलेली रजा काढली. हिशेब करून खाटेच्या पायथ्याखाली अडीच अडीच विटा लावल्या. अर्धी वीट करवतीनं कापली, फोडली नाही. आणि वैशाखात, पंचेचाळीस डिग्रीत, कुलर लावून उड्डाण केलं.

जेवण आडवं, अंघोळ ओल्या फडक्यानं, बाकीचंही सगळं आडवंच. वहिनी दिवसातून तीनदा मनगट धरून नाडी मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. "बाकीच्यांचे नवरे भुसावळहून परत तरी येतात," एवढंच म्हणायच्या. चौथ्या दिवशी घरमालकांचं तोंड पुरणपोळीसारखं फुगलं, नाक चोंदलं, पाय काटकुळे दिसायला लागले. मी भेटायला गेलो की ते हर्षानं म्हणायचे, "तत्त्वतः अगदी अंतदाळवीदासादखं होतंय."

आता असा आवाज मिळाल्यावर मी सोडतो होय? स्टेशनच्या चहाच्या टपरीवर गाल फुगवून, तोंड वाकडं करून सगळ्यांना काढून दाखवला. लोक हसले नाहीत. एक जण म्हणाला, "अरेरे. कधी झटका आला?" मी समजावून सांगेपर्यंत शटल सुटली होती, आणि तिच्यातून बातमीही.

दुसऱ्या दिवसापासून रीघ लागली. लोक मोसंबी घेऊन येत, विटांकडे बघत आणि मान हलवत. वहिनींच्या मावशी पिशवीत जिवंत कबूतर घेऊन आल्या, लकव्यावर त्याचं रक्त चोळायला. घरमालक खाटेवरून ओरडले, "तत्त्वतः मला काही झालेलं नाही." मावशी वहिनींना म्हणाल्या, "भ्रमिष्टपणा पण आहे का गं?" कबूतर शेवटी देवघरावर राहायला गेलं.

एकोणिसाव्या दिवशी चार वाजता फाटक वाजलं आणि अंगणातून आवाज आला, "कोठे शे रे तो?"

धुळ्याकडच्या गावाहून त्यांचे आबा आले होते. तिकडे शिरस्ता असा, की आबा उभे असताना कुणी खाटेवर टेकत नाही. आजारी माणूसही उठायचा. आमचे घरमालक तर आबांचं पोस्टकार्डसुद्धा उभं राहून वाचायचे, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी खाटेची कड धरली.  दारात मी होतो, आणि ही यात्रा माझ्याच तोंडामुळे आली हे मला पक्कं ठाऊक होतं.

वहिनींनी पदर सावरला आणि एका दमात सगळं सांगितलं. आबांनी विटा पाहिल्या. बोटं लावून मोजल्या.

"कितला दिन व्हयनात?"

"एकोणीस," वहिनी म्हणाल्या.

"आखो?"

"दोन."

"आबा," घरमालक म्हणाले, "उठू का?"

आबांनी चपला काढल्या, खाटेला वळसा घालून उशाकडे गेले आणि मुलाच्या अगदी डोक्याशी उभे राहिले.

"डोकं खालेच शे तुन्हं. आखो किती वाकशी? पडी ऱ्हाय."

घरमालकांनी पडल्या पडल्या हात खाली सोडून त्यांच्या पायांना लावला. वहिनींनी नाडी मोजायची वेळ झाली म्हणून दुसरं मनगट धरलं, आकडा लिहिला आणि मग आत जाऊन बराच वेळ पाणी प्यायल्या.

आबा राहिले. बाविसाव्या दिवशी सकाळी घरमालक उभे राहिले आणि तिसऱ्या पावलाला त्यांचे डोळे फिरले. आकाशातून परतलेल्या माणसालाही म्हणे असंच धरून उतरवावं लागतं. इथं आबांनी धरलं, दोन्ही काखांत हात घालून, चालायला शिकवताना धरतात तसं. विटांपासून दारापर्यंतची ती दहा पावलं मी बघत होतो आणि मला एकही आवाज सुचत नव्हता.

वही गेली. दोन महिन्यांनी डॉक्टरांचं पत्र आलं, की नोंदी फार नेटक्या आहेत, मात्र एकोणिसाव्या दिवशी चार वाजता नाडी एकदम इतकी वर का गेली? त्या दिवशी शरीरावर काय ताण आला, तेवढं कळवा.

उत्तराचं कार्ड टाकायला त्यांनी माझ्याकडेच दिलं होतं. मी वाटेत वाचलं. मायन्याखाली एकच ओळ होती, आणि तिच्यात 'तत्त्वतः' नव्हतं.

'वडील आले होते.'

आज घरमालक नाहीत. ती नळी अजून बाळकृष्णाशेजारी आहे. मी अजूनही त्यांची नक्कल करतो, लोक अजूनही हसतात. ती एक ओळ मात्र मी कधी कुणाला म्हणून दाखवत नाही. तिचा आवाज मला कधी सापडलाच नाही.