लोखंडाला कुंकू

खंडोजीराव मास्तर गरडीत शिरायचे ते उकिडवे बसून. गरडी म्हणजे तालीम. मैसूरच्या नजरबादेतल्या आमच्या गरडीचं दार मुद्दाम बुटकं ठेवलेलं. आत मारुती आहे, तेव्हा पैलवान कितीही मोठा असो, त्यानं वाकूनच आत यायचं. मास्तरांना वाकता येत नव्हतं. कमरेत जरा वाकले की कळ थेट मस्तकात जायची. म्हणून दारापाशी चपला काढून, पाठ ताठ ठेवून ते खाली बसत, बदकासारखं चालत उंबरा ओलांडत आणि आत गेल्यावर उठून उभे राहत. मग आमच्याकडे बघून म्हणत, "नीट बघून ठेवा. रोज रोज वजन उचलणाऱ्याला शेवटी असं यावं लागतं."

सगळे बघायचे, हसायचे आणि लगेच उचलायला लागायचे. त्या माणसाची उभी हयात हे एवढंच समजावण्यात खर्ची पडली आणि मला आजही ते आठवलं की चीड येते.

मास्तर सरस्वतीपुरमच्या एका शाळेत ड्रिल शिकवायचे. आमच्यासारखंच जुन्या मैसूरच्या फौजेतलं मराठी घराणं. पणजोबांकडे घोड्यांची देखभाल होती म्हणे, आणि मास्तरांची सगळी उदाहरणं घोड्यांवर यायची. तरुणपणी त्यांनी वजनं उचलण्यात नाव काढलेलं. राज्याच्या स्पर्धेला बेंगळूरला जायच्या आदल्या दिवशी 'सुम्ने, एकदा खात्री करून घेऊ' म्हणून ह्यांनी गरडीत बार उचलला आणि पाठीत काहीतरी कटकन वाजलं. सुम्ने म्हणजे कन्नडात उगाच. मास्तर तो शब्द शिवीसारखा वापरायचे. "घोडं सुम्ने रोज पळवलंत तर घोडं मरतं, आणि स्वार खोगीर डोक्यावर घेऊन पायी घरी येतो," असं ते म्हणायचे.

त्या दुखण्यातून उठल्यावर त्यांनी आठवड्याचं एक टाइमटेबल बसवलं. शाळेचा माणूस, टाइमटेबलशिवाय त्याला दुसरं काय सुचणार? सोमवारी पाय. मंगळवारी छाती. बुधवारी साकु. गुरुवारी पाठ, शुक्रवारी खांदे, शनिवारी हलकं काहीतरी आणि मारुतीची आरती. रविवारी पुन्हा साकु. साकु म्हणजे पुरे. त्या दिवशी लोखंडाला हात लावायचा नाही. घरी जायचं, जेवायचं, झोपायचं. दर चौथ्या आठवड्याला सगळी वजनं निम्मी. वाढवायचं तेही अगदी चिमूटभर. ह्यात न कळण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा.

पण आमच्या गरडीतले लोक साधे व्यायाम करणारे नव्हते, भक्त होते. ताप आला तरी येणार, बहिणीच्या लग्नादिवशी हळद लागायच्या आधी येऊन जाणार. आणि रोज काय करणार, तर छाती. सोमवारी छाती, गुरुवारी छाती, रविवारी वेळ जास्त म्हणून जास्त छाती. आरशात दिसते ना ती! पाय काय, लुंगीत झाकलेले. मास्तरांनी टाइमटेबल कन्नडात आणि मराठीत लिहून भिंतीवर लावलं. त्यावर लोकांनी घामेजलेले टॉवेल वाळत घातले. मास्तर एकेकाच्या घरी जाऊन समजावू लागले, तर घरोघरी कॉफी मिळाली, चकली मिळाली आणि 'हो मास्तर, नक्की मास्तर' मिळालं. मी कडकोळच्या कारखान्यात पाळी करून गरडीत यायचो, मला साकुचा दिवस आयताच हवा असायचा. म्हणून त्यांचा मी एकटाच शहाणा विद्यार्थी. त्यात माझं कसलंही कर्तृत्व नव्हतं.

सगळ्यात मोठा भक्त मंजू. जातिवंत ताकदीचा पोरगा. त्याची आई बाजारात मोगऱ्याची फुलं विकायची आणि हा पहाटे फुलांच्या टोपल्या उतरवून सरळ गरडीत यायचा. मास्तरांचा जीव त्याच्यात अडकला होता, कारण तो उचलायचा तो थेट मास्तरांसारखा, आणि ऐकायचा नाही तोही मास्तरांसारखाच. त्या साली राज्याची स्पर्धा दसऱ्यानंतर होती. मंजू जाणार हे ठरलेलं. तो पाठ धरून चालताना दिसला की मास्तरांचा चेहरा उतरायचा. मला एकदा म्हणाले, "माने, ह्या दारातनं असं बसून येणारा मी शेवटचा असलो पाहिजे. मला दुसरं काही नको." आणि मंजूला विचारावं तर तो कन्नडात सांगायचा की मेष्ट्रे, म्हणजे मास्तर, एक दिवस लोखंड सोडलं तर लोखंड रुसतं.



मग आयुधपूजा आली. मैसूरला त्या दिवशी ज्याचं जे हत्यार त्याची पूजा. रिक्षाला झेंडू, शिंप्याच्या मशीनला झेंडू, आमच्या कारखान्यात लेथला हळदकुंकू. पूजलेल्या वस्तूला त्या दिवशी कामाला लावायचं नाही. गरडीतही बार, प्लेटा, डंबेल्स सगळं धुऊन मारुतीपुढे मांडलं, कुंकू लावलं, मंजूच्या आईनं मोगरा पाठवला होता, दारात कोहळा फोडला. आणि मंजू दिवसभर त्या बारसमोर मांडी घालून बसून राहिला. हात शिवशिवत होते, पण लावला नाही. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला त्यानं बार उचलला तो असा सहज, की त्याचा त्यालाच विश्वास बसेना. मास्तर कोपऱ्यात खुर्चीवर बसून बघत होते. 

पुढच्या बुधवारी आम्ही गेलो तर बारवर हळदकुंकू, वर मोगऱ्याचं एक फूल, आणि मास्तर हातात कुंकवाची डबी घेऊन उभे. मंजूनं विचारलं, आज काय? मास्तर म्हणाले, "पूजा." बस्स. एकानंही हुज्जत घातली नाही. इतकी वर्षं ज्याला स्नायू, सांधे, झोप, घोडी सगळं सांगून झालं, तो माणूस बारला नमस्कार करून मुकाट्यानं घरी गेला. रविवारी पुन्हा कुंकू. दर बुधवारी, दर रविवारी. पाय आणि पाठही मग आपोआप सुरू झाले, कारण मास्तरांनी सांगून टाकलं की पूजेनंतरच्या दिवशी छाती केलेली मारुतीला चालत नाही.

मास्तरांना ह्याचा आनंद झाला नव्हता हे मी पाहिलेलं आहे. नजरबादच्या रस्त्यानं चालताना ते माझ्यावरच करवादले. "शिकवून जमलं नाही म्हणून फसवतोय रे मी. मास्तर आहे की भट?" मी म्हटलं, पाठ वाचतेय ना त्याची? 

मंजू बेंगळूरला गेला आणि पहिला आला. पाठ शाबूत, गुडघे शाबूत. आम्ही मास्तरांना खांद्यावर घ्यायला निघालो तर त्यांनी पाठीच्या धास्तीनं आम्हालाच शिव्या घातल्या. वाटलं, आता तरी टाइमटेबलची किंमत कळेल. छे! मंजूनं गावभर सांगितलं, मेष्ट्रे लोखंडाला कुंकू लावतात, त्यामुळे वजन वाढतं. झालं. सरस्वतीपुरममध्ये तेव्हा एक आरशांची नवी जिम निघाली होती. तिचा मालक स्कूटरवरून आला. मास्तरांनी मोठ्या उमेदीनं त्याला टाइमटेबल समजावलं, चौथ्या आठवड्याचं गणितसुद्धा. त्यानं सगळं ऐकलं, कागद घडी करून खिशात घातला आणि विचारलं, मंत्र कोणता म्हणता? पुढच्या बुधवारी त्याच्याकडे सकाळी भटजी आला आणि संध्याकाळी सगळ्यांनी दुप्पट छाती मारली, कारण आता लोखंडात शक्ती आली होती ना! हे कळलं तेव्हा मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. 

एका गोष्टीचा मात्र राग मला मास्तरांवरच आहे. जगाला साकु सांगणाऱ्या ह्या माणसानं स्वतः कधी साकुचा दिवस पाळला नाही. बुधवारी आणि रविवारी कुंकू लावायला कोण येणार? तेच. निवृत्त झाल्यावर तर सकाळ-संध्याकाळ गरडीत. शेवटी छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी महिनाभर घराबाहेर पडायचं नाही म्हणून बजावलं, तर हे दुसऱ्याच आठवड्यात किल्ली घेऊन दारात हजर. त्यांच्या बायको, सुंदराकाकू, आमच्यापुढे रडकुंडीला आल्या. "तुमचं तरी ऐकतील. लोखंडाला सुट्टी देतात, स्वतःला कधी देणार?"

तेव्हा मंजूनं आयुष्यात पहिल्यांदा डोकं चालवलं. दुसऱ्या दिवशी मास्तर आले तर गरडीच्या कुलपाला हळदकुंकू, वर मोगरा. मास्तरांनी कुलपाकडे बघितलं. मग मंजूकडे बघितलं. मंजू हात जोडून उभा. मास्तर हसले, खरंच हसले, म्हणाले, "माझीच चाल, अल्वा? माझीच ना?" आणि घरी गेले. महिनाभर आम्ही मागच्या खिडकीतून आत जात होतो. मंजू रोज पहाटे टोपल्या उतरवून कुलपाला ताजं फूल वाहत होता. मला त्याचं इतकं कौतुक वाटलं की मी त्याला मसाला डोसा खिलवला.

महिना संपला. डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून दोन दिवस जा, खुर्चीत बसा, या. मास्तरांनी लगेच स्वतःचं टाइमटेबल केलं: सोमवार आणि गुरुवार गरडी, बाकी साकु. पहिल्या सोमवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले, मी सोबत होतो. कुलपावर कुंकू. ताजं.

मी मंजूला बाजूला घेऊन झापलं. तो म्हणाला, महिनाभरानं एवढं बरं वाटलं, तर आणखी दोन महिन्यांनी किती बरं वाटेल! समोर साक्षात छातीचा व्यायामच उभा होता. एक दिवस चांगला तर सातही दिवस चांगले. अरे, विश्रांतीसुद्धा ह्या लोकांनी छातीसारखी मारायला घेतली! मी रुमाल काढून कुंकू पुसायला गेलो तर मास्तरांनी माझं मनगट धरलं.

"नको, माने. आज आपण पुसलं तर बुधवारी तो बारवरचं पुसेल. मग त्याची पाठ गेली."

"आणि तुमचं काय?"

"मी गुरुवारी येतो."

गुरुवारी कुंकू होतं. पुढच्या सोमवारी होतं. प्रत्येक वेळी मास्तर चालत यायचे, कुलपाला नमस्कार करायचे आणि परत जायचे. दारापाशी बसून आत शिरण्याची वेळच आली नाही. मंजूला मी घसा कोरडा होईपर्यंत समजावलं, काकूंनी समजावलं, त्यानं दोघांनाही 'हो, नक्की' म्हटलं आणि फुलं मात्र वाढवली. मास्तर घराच्या पायरीवर बसून राहायचे. मी गेलो की विचारायचे, आज पाय ना? मी हो म्हणायचो.  एकदा एवढंच म्हणाले, "साकु रोज नसतो रे. आठवड्यातनं दोनदा. कुणी ऐकत का नाही?"

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी, गरडीला जायचं म्हणून आंघोळ करून शर्टाची बटणं लावता लावता ते गेले.

तेराव्यानंतरच्या सोमवारी आम्ही सगळे गरडीपाशी जमलो. कुलपावर कुंकवाचा बोटभर थर. मंजू एका बाजूला मान खाली घालून उभा, त्याच्या हातात त्या दिवशीही फूल होतं. मी ते काढून घेतलं, शर्टाच्या बाहीनं कुलूप पुसलं आणि काकूंकडून आणलेली किल्ली लावली. वाकून आत गेलो. मंजू माझ्या मागून आला आणि विचारल्याशिवाय बार खांद्यावर घेऊन बैठका मारू लागला. सोमवार, पाय. निम्म्या वजनानं, कारण तो चौथा आठवडा होता. त्याच्या ते लक्षात होतं! मला वाटलं, मास्तर, पोहोचलं बघा एकदाचं.

मंगळवारी कारखान्यातून सुटून गरडीत गेलो. छातीचा दिवस. मंजू खांद्यावर बार घेऊन पुन्हा बैठका मारत होता, आणि आता वजन पूर्ण होतं. हे काय म्हणून विचारलं तर घाम पुसत म्हणाला, मेष्ट्रेंसाठी. आता रोज पायच करायचे ठरवलंय.

मी कोनाड्यातून मास्तरांची कुंकवाची डबी काढली आणि त्यानं बार खाली ठेवायची वाट बघत उभा राहिलो.