कोरडी आंघोळ

"पहिले बसून तं पाहा," काकू म्हणायच्या.

नवा पाट असो, दुकानातली खुर्ची असो की एसटीतली खिडकीजवळची जागा, बसून पाहिल्याशिवाय त्या कशालाच बरे-वाईट म्हणत नसत. मुलीसाठी स्थळ पाहायला नागपूरला गेल्या, तेव्हाही म्हणे त्यांनी आधी ओसरीवर मांडी घालून पाहिली आणि मगच चहा घेतला. अशी माणसे तुमच्याही शेजारी असतील. आमच्या सिंदी मेघेत आम्हाला त्या मिळाल्या होत्या.

आमच्या दोन घरांमध्ये तुरीच्या वाळल्या तुराट्यांचे कुंपण होते. मी तेव्हा दहावीत. शाळेत इंग्रजी, घरी वडिलांचे पुस्तकी मराठी, बाहेर वऱ्हाडी. तिन्हींत चूक होईल या धास्तीने मी गप्पच असे. पण तुराट्यांच्या फटींतून पाहायला भाषा लागत नाही.

काकूंची न्हाणी अंगणाच्या टोकाला होती. तीन बाजूंना विटांच्या भिंती, वर आभाळ, पुढे पत्र्याचे दार. कडी नव्हतीच. दारावर टॉवेल दिसला की आत कोणी आहे असे समजायचे. सांडपाणी केळीला जायचे, आणि त्या केळी मात्र फार सुरेख होत्या.

काकूंच्या लेकीला, म्हणजे ताईला, दिवस गेले. डोहाळजेवणाला काकू नागपूरला गेल्या, तिथे विहीणबाई सगळ्यांदेखत गोड आवाजात म्हणाल्या, "पौषातल्या थंडीत बाळंतीण अंगण ओलांडून न्हायला जाणार का हो? राहू द्या, बाळंतपण आमच्याकडेच करू."

काकू घरी आल्या, आणि अंगावरची ठेवणीतली साडीही न बदलता न्हाणीपुढे उभ्या राहिल्या. काका म्हणाले, "चाल, हातपाय धू."

"पहिलं बाळंतपण माहेरी नाई तं कुठी?" काकू न्हाणीकडे बघतच म्हणाल्या. "घरातून जाता येईन अशी न्हाणी पायजे. पौषाच्या आत."

दिवाळी होताच तयारी सुरू झाली. काकांनी कोणाकडून तरी एक इंग्रजी मासिक आणले आणि ते वाचून दाखवायला मला बोलावले. चित्रात गुलाबी फरश्या आणि पांढराशुभ्र टब. मी खालच्या ओळींचा अर्थ सांगितला.

"यात बसून आंघोळ करते?" काकूंनी विचारले. "बाप्पा! हे तं बैलायले पाणी पाजाचं टाकं हाय."

काकांना टब नको होता, फवारा हवा होता. सरकारी दौऱ्यावर असताना एका विश्रामगृहात ते त्याखाली उभे राहिले होते. तेव्हापासून ते बादलीकडे जरा तुच्छतेने पाहत.

मिस्त्री जाम गावचे. तिथल्या हमरस्त्याच्या नाक्यावर ढाब्यांच्या न्हाण्या त्यांनीच बांधलेल्या, म्हणून त्यांचा भाव मोठा. त्यांनी मागच्या खोलीला लागून नवी न्हाणी सुचवली आणि तोंडीच सगळे सांगितले. काकूंनी ते जसेच्या तसे, खऱ्या मापाने, अंगणात चुन्याने आखले. भिंत, दार, बंब, फवारा.

"आता सगळ्यायनं आंघोळ करून पाहा," त्या म्हणाल्या. "कोरडी."

काका बनियनवर चुन्याच्या चौकोनात उभे राहिले, डोळे मिटून, तोंड वर करून. कुंपणापलीकडे मी तोंडावर ओढणी धरली. काका डोळे न उघडता मिस्त्रींना म्हणाले, "सरकारात नकाशा साहेब पास करते. आमच्या घरी हे बसून पास करते."

"आता पास करून टाका," मिस्त्री म्हणाले. "उद्या पाया खंदतो."

"थांबा. मले बसू द्या." काकू घरात गेल्या आणि एक लांबट कोहळं घेऊन आल्या. पाटावर बसून त्यांनी पाय लांब केले, नातवंडाला न्हाऊ घालायला ठेवतात तसे कोहळं नडग्यांवर ठेवले. पावले थेट चुन्याची रेघ ओलांडून बाहेर.

"नातू न्हाणीत अन् आजीचे पाय वावरात!" काका म्हणाले.

मिस्त्रींनी डोके खाजवले. "ढाब्यावर कोणी बसत नाई नं काकू. डायव्हर उभ्यानं दोन बाल्ट्या ओतते अन् चालला नागपूरले."

काकूंनी रेघ पायाने पुसली, पुढे सरकवून पुन्हा ओढली. मग कुंपणाकडे पाहिले. "अवो कॉन्व्हेंट, तिथून काय पाहून राह्यली? ये इकडे. पाणी टाक."

मी गेले. हातात रिकामा लोटा. डावीकडे उभी राहिले तर बंबात, उजवीकडे भिंतीत, पुढे काकूंच्या पायावर. सगळे माझ्याकडे पाहत होते. माझे कान तापले.

"काकू, मी कुठे उभी राहू?"

"बाप्पा, हे पोरगी बोलते!" काका म्हणाले.

काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कोहळं मांडीवर घेतले. "हे कोणीच इचारलं नाई," म्हणाल्या. मग उठून त्यांनी फवाऱ्याच्या जागी रेघेला बाहेर एक फुगवटा काढला. "हे तुही जागा."

"बाथरूमले पोट आलं," मिस्त्री पुटपुटले.

काकांचा फवारा त्या पोटात गेला. त्यांनी एकदा त्या जागेकडे पाहिले आणि म्हणाले, "मी पावसात भिजीन."

पौष लागण्याआधी न्हाणी झाली. लाल कोब्याची, वर छप्पर, दाराला आतून चांगली जाड कडी. ताई आली, तिला मुलगी झाली. रोज सकाळी शाळेआधी मी त्या कोपऱ्यात उभी राहून पाणी टाकायचे. बाळ रडले की काकू म्हणायच्या, "बोल काही. तुहा आवाज ओयखते ते." मला दुसरे काही सुचत नसे, म्हणून मी इंग्रजीतून पाढे म्हणायचे. सातच्या पाढ्याला ती हमखास गप्प व्हायची.

बारशाला विहीणबाई आल्या. काकूंनी त्यांना न्हाणी दाखवली, पाट मांडला आणि म्हणाल्या, "बसून तं पाहा." विहीणबाईंनी पैठणी सावरली, बसल्या, दारात कोणी नाही असे पाहून पाय लांब केले.

"ऐसपैस आहे हो," त्या म्हणाल्या, आणि लगेच उठल्या नाहीत.

काका निवृत्त झाल्यावर दोघे कारंजा गावाकडच्या शेतावर राहायला गेली. मागच्या वर्षी काकू तिथेच वारल्या. त्यांच्या इथल्या घरी आता एक नवे कुटुंब आले आहे. तिथली सून माझ्याहूनही कमी बोलते. परवा तिने मला बोलावून न्हाणीतला तो कोपरा दाखवला. "हा असा फुगलेला का आहे? इथे कपाट करावे म्हणतो आम्ही."

मी चपला काढल्या. "आधी तुम्ही पाटावर बसा. पाय लांब करा."

ती एक हात पोटावर ठेवून सावकाश बसली. मी कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. तिने पायांकडे पाहिले, मग वर माझ्याकडे.

"म्हणजे इथे कोणीतरी उभे राहते."

"हो," मी म्हणाले. "आणि मी शेजारीच राहते."