मामी मरायला तयार नाही

"मी काय मरायची नाय," मामी म्हणाली आणि हेडफोन काढून गोधडीवर ठेवला.

सोमवारी बिल्ड द्यायचा होता. बिल्ड म्हणजे तोवर जेवढा बनलाय तेवढा गेम, उघडून खेळता येईल अशा अवस्थेत. तो पब्लिशरकडे, म्हणजे गेममध्ये पैसे घालणाऱ्या कंपनीकडे जाणार होता. त्यांना आवडला तर पुढचं काम सुरू. नाही आवडला तर गेम बंद आणि आमची टीम घरी. आणि त्या बिल्डमध्ये माझ्या मामीच्या मरणाचा आवाज हवा होता.

मी साउंड डिझायनर आहे. गेममध्ये जे काही ऐकू येतं ते सगळं माझ्या डोक्यावर. पाऊल वाजलं, दार करकरलं, म्हैस हंबरली, सगळं. स्टुडिओ पुण्यात आणि मी महाडला घरून काम करतो. शेजारच्या बिरवाडीत निम्मी माणसं फॅक्टरीत, त्यामुळे मला सगळे विचारतात, "तुझी शिफ्ट कुठली?" मी गेम बनवतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "अजून खेळतोसच का?" माझे वडील पाहुण्यांना "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगतात आणि घाईघाईने चहा मागवतात.

खरं तर गेम बनवायला नाटकाच्या कंपनीएवढी माणसं लागतात. डिझायनर नियम ठरवतो, प्रोग्रामर ते चालवून दाखवतो, आर्टिस्ट चित्रं काढतो, ॲनिमेटर त्यांना हलवतो, टेस्टर दिवसभर खेळून चुका काढतो. शिवाय एक प्रोड्यूसर असतो. तो "कधी होणार?" एवढंच विचारतो. आमच्या प्रोड्यूसरचं नाव केदार.

आमचा गेम साधा होता. एका बाईची म्हैस हरवते आणि ती डोंगरपठारावर तिला शोधत फिरते. ओढे ओलांडते, कड्यांवरून उड्या मारते. आधी आम्ही आवाज देणाऱ्या एक व्यावसायिक कलाकार बाई घेतल्या होत्या. गोड आवाज, स्वच्छ उच्चार. पण त्यांनी म्हशीला हाक मारली ती बँकेत टोकन नंबर पुकारल्यासारखी. म्हैस कशाला येते?

तेव्हा मीच मिटिंगमध्ये तोंड उघडलं. "माझी मामी आहे पोलादपूरच्या वर, कुडपणला. तिची हाक दरीपलीकडे जाते."

"मायक्रोफोनसमोर जमेल तिला?" केदारने विचारलं.

"भाच्याला ती नाही म्हणणार नाही."

"बघ हं. जबाबदारी तुझी."

आमच्याकडे भाच्याचा मान मोठा. मामा वयाने एवढे मोठे, पण सणाला माझ्या पाया पडतात. मी लहानपणापासून या प्रथेचा भरपूर फायदा घेतलेला आहे. तसाच आताही घेतला.

मामीच्या मधल्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या. गोधडी आवाज पिते, त्यामुळे खोली घुमत नाही. वाऱ्यासाठी मायक्रोफोनला केसाळ टोपी असते. ती पाहून मामी म्हणाली, "याला दूध पाजायचं काय?" मामा कोपऱ्यात बसले होते. बोलायचं नाही आणि खोकायचं नाही अशी त्यांना ताकीद होती. आपल्यालाही एखादं वाक्य मिळेल या आशेवर ते सकाळी दाढी करून बसले होते.

मामीने कमाल केली. हाका दिल्या, थंडीने कुडकुडली, ओढ्यात पाय घातल्यावर "आई गो" म्हणाली. या हुंकार-धापांना आमच्यात एफर्ट म्हणतात आणि भल्याभल्या कलाकारांना ते जमत नाहीत. चढाची धाप घ्यायची वेळ आली तेव्हा मामी उठून बाहेर गेली आणि डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली. "रिकाम्या डोक्यानं धाप कशी लागंल रे?"

मग शेवटची ओळ आली. बाई कड्यावरून पडते. किंकाळी, आणि खेळ खलास.

"म्हंजे मरते?" मामीने विचारलं.

"मरते. पण लगेच परत जिवंत होते. परत पहिल्यापासून."

"कितीदा?"

"खेळणारा जितका कच्चा, तितक्या वेळा."

"आणि किती जणं खेळणार हायत?"

"लाखभर आले तर बरं."

मामीने मामांकडे पाहिलं. "ऐकलंव? लाख माणसं मला कड्यावरनं ढकलणार. आणि तुमचा भाचा ती आणतोय."

मी खूप समजावलं. हे खोटं असतं, सिनेमात नाही का मरत लोक. मामीचं उत्तर तयार होतं. घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. मी म्हटलं, मग बाहेर माळावर रेकॉर्ड करू. ती म्हणाली, "माळावर देव नाय?"

मोबाइलला रेंज देवळामागच्या कातळावरच येते. तिथे उभं राहून मी केदारला फोन केला.

"मामीला समजाव."

"समजावून झालं."

"मग मामांना सांग."

"मामा तिला घाबरतात."

केदारने जुन्या कलाकार बाईंची किंकाळी जोडून पाहिली. टेस्टरने कळवलं, "ही बाई पडली की इंग्लिश मीडियमची होते." आमची प्रोग्रामर स्नेहल म्हणाली, मामीचं एवढं रेकॉर्डिंग आहे, त्यावरून सॉफ्टवेअर किंकाळी बनवून देईल, त्यांना कळणारही नाही. तसं करता येतं आजकाल. पण जिने नाही म्हटलंय तिला तिच्याच आवाजात मारायचं, हे मला पटेना. मी नको म्हटलं. "मग तूच काहीतरी सुचव," केदार म्हणाला आणि फोन ठेवला. टीममध्ये सगळ्यांची घरं या पगारावर चालत होती आणि मामीचं नाव मीच पुढे केलं होतं.

खाली आलो तर मामी धार काढायला निघालेली. म्हशीचे आवाज तरी मिळतील म्हणून रेकॉर्डर चालू करून मागोमाग गेलो. म्हशीला माझी केसाळ टोपी आवडली नसावी. तिने दाव्याला असा हिसडा दिला की मामी सपकन शेणात बसली. मी हातातला मायक्रोफोन हलू न देता उभा राहिलो. धंद्याची सवय.

"बगतोस काय माकडा? हात दे की!" मामी कडाडली. मी हात दिला. उठताना तिचं चालूच होतं. "डोळं हायत का बटनं? एवढी मोठी बाई पडली, आणि हा उभा र्‍हायलाय खांबासारखा!"

हेडफोनमध्ये ते इतकं खणखणीत आलं की मी शिव्या मनावर घ्यायचंच विसरलो. गेममध्ये मरण कशासाठी असतं? खेळणाऱ्याला शिक्षा म्हणून. मग मामीच्या बोलण्याहून मोठी शिक्षा कुठली?

"मामी, हे गेममध्ये घेऊ?"

"मी मेले नाय ना त्यात?"

"नाही. फक्त पडलीस."

"मंग घे. पण शेणाचं सांगू नको कुणाला."

पुन्हा गोधड्यांच्या खोलीत बसलो. आता मामीला मी सांगायची गरजच नव्हती. प्रत्येक ओळीआधी ती मामांकडे एकदा नीट बघायची आणि सुरू व्हायची. मामांना न बोलण्याची, न खोकण्याची ताकीद होती, ती त्यांनी फार प्रामाणिकपणे पाळली.

स्नेहल भडकली. मरण हे प्रोग्राममध्ये शंभर ठिकाणी गुंफलेलं असतं, ते काढायचं म्हणजे विणलेला स्वेटर मधूनच उसवायचा. पण मी फाइल पाठवली, तिने ऐकली आणि तिचा फोन आला. "माझी आई अशीच बोलते," एवढं म्हणून ती कामाला लागली. नवा नियम असा, की बाई पडली की मरत नाही. बसते आणि खेळणाऱ्याला झाडते. बटन दाबून हात दिल्याशिवाय उठत नाही.

सोमवारी पब्लिशरच्या मॅडम व्हिडिओ कॉलवर आमच्यासमोरच खेळायला बसल्या. पहिल्याच कड्यावर बाई पडली. "बगतोस काय माकडा? हात दे की!" खाली इंग्रजीत भाषांतर उमटलं. मॅडमनी हात दिला, बाई उठली, मॅडम चार पावलं चालल्या आणि परत पडल्या. मग परत. तिसऱ्यांदा त्या मुद्दाम पडल्या हे आम्हाला सगळ्यांना दिसलं.

"ही मरत कशी नाही?" त्यांनी विचारलं.

केदारने माझ्याकडे पाहिलं. "ती नाही म्हणाली," मी म्हटलं.

मॅडम हसल्या. "बरोबर आहे तिचं. राहू दे असंच." काम पुढे चालू राहिलं. त्या क्षणी मला कुडपणपर्यंत पळत जाऊन मामीच्या पाया पडावंसं वाटलं, भाचा असूनही.

पुढे टेस्टरची तक्रार आली की लोक म्हैस शोधायचं सोडून नुसते पडत बसतात. मग आम्ही अबोला घातला. फार वेळा पाडलं की मामी बोलतच नाही, तोंड फिरवून बसते. एका टेस्टरने तर स्क्रीनला सॉरी म्हटलं.

तयार गेम घेऊन मी कुडपणला गेलो. मामीने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि सगळ्या कड्यांना लांबून वळसे घालत, एकही उडी न मारता चालत राहिली. "वाट असताना उड्या कोण मारतं?" म्हैस सापडायच्या आधी बॅटरी संपली.

त्याच सुमारास आमचा पुढचा गेम आला, लढाईचा. त्यात एक म्हातारा शिलेदार सारखा मरतो. मी ओसरीवर मामांजवळ हळूच विषय काढला. त्यांचा चेहरा उजळला.

"मरतो की! त्यात काय? किती वेळा पायजे?" मग ते माझ्या कानाशी आले. "फकस्त ती शेतावर गेली की ये."

आतून आवाज आला, "मी काय शेतावर जायची नाय!"

शेवटी शिलेदारासाठी आम्ही पुण्याहून माणूस आणला. आता नवीन आवाज निवडताना मी दोनच प्रश्न विचारतो. मरणार का? आणि घरी विचारलंय का?