स्टार्टर दुरुस्त झाला, तरी आई मागेच उभी

मंडळी, बाबा गेल्यापासून त्यांची जुनी टू-सीटर स्पोर्ट्स कार आमच्या सानपाड्याच्या सोसायटीत झाकूनच होती. तिचा स्टार्टर कायम दगा द्यायचा. मग बाबा स्टिअरिंगवर बसायचे आणि आई मागून धक्का मारायची.

आज तो स्टार्टर रिवाइंड होऊन आला. मेकॅनिकने बसवला, मी चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू! वळून बघतो तर आई पदर खोचून, डिकीला हात लावून उभी.

"आई, आता धक्का मारावा लागणार नाही गं."

"माहितीये रे. पण धक्का मारताना तुझे बाबा आरशातून माझ्याकडे बघायचे."

मी गाडी बंद केली. "मार धक्का," म्हटलं.

आरशात बघायची मात्र माझी हिंमत झाली नाही.