सरकारची पिल्लं

माझ्या थोरल्या जाऊबाई या घरात आल्या तेव्हा शेळ्यांना घाबरायच्या. आज हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. मी त्यांच्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले, त्यामुळे मी काही ते डोळ्यांनी पाहिलं नाही. पण आमचे सासरे, मामंजी, पाहुण्यांसमोर हा किस्सा इतक्या चवीनं सांगायचे, की मलाच ती नवी नवरी ओट्यावर चढून बसलेली आणि खाली एक करडू तिच्या पदराचं टोक चघळत असलेलं दिसायला लागलं होतं.

आमचं शेत लहानसं. निम्म्यात चारा, निम्म्यात गोठे, आणि मधे दामटून बसवल्यासारखं घर. शेळ्या पांढऱ्याशुभ्र, लांब केसांच्या. त्या दुधासाठी नव्हत्या, प्रदर्शनासाठी होत्या. मामंजींनी तरुणपणी एक जोडी आणली आणि तिच्यातून सगळा कळप वाढवला. घरात माणसांना साबण आणि शेळ्यांना शांपू, हा त्यांचा नियम. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात न्हाणीघरातल्या मोठ्या बाटलीतला शांपू केसांना लावला, तर मामंजी बाहेरून म्हणाले, "धाकट्या सूनबाई, तो सरकारांचा आहे."

सरकार म्हणजे आमचा बोकड. त्याच्याविषयी सांगायचंच आहे, पण आधी जाऊबाईंचं सांगते.

त्या शिंप्याच्या घरातल्या. मोजमाप, कापणं, शिलाई बघत वाढलेल्या. त्यांची भीती जावी म्हणून मामंजींनी एकदा त्यांच्या हातात कात्री दिली आणि एका शेळीच्या पोटाखालचे केस सारखे करायला सांगितले. जाऊबाईंनी लांब उभं राहून शेळीकडे नुसतं बघितलं. मग म्हणाल्या, हिची पाठ थोडी खोलगट आहे, कमरेवरचे केस ठेवले आणि खांद्यावरचे उतरवले तर ती सरळ दिसेल. त्या दिवसापासून घरातली कात्री त्यांची. जनावराकडे त्या अंगावर बेतलेल्या कपड्याकडे बघावं तसं बघायच्या. कुठे सैल, कुठे घट्ट, कुठे चिमटा घ्यायचा. पुढे खुरं तासणं, बाळंतपणं, आईनं टाकलेल्या करडांना बाटलीनं दूध पाजणं, हे सगळं त्यांच्याकडे आलं. थंडीत चुलीजवळच्या टोपलीत कायम एखादं करडू असायचं, आणि भाजी चिरता चिरता जाऊबाई त्याच्याशी हळू आवाजात काहीबाही बोलत असायच्या. माणसांशी मात्र त्या फारसं बोलत नसत.

रिंगणात जनावर घेऊन उतरायचे भावजी, म्हणजे त्यांचे मिस्टर. बक्षिसाची ढाल घ्यायला पुढे व्हायचे मामंजी. टेम्पो चालवायचे आमचे हे. जाऊबाई मंडपाच्या मागे ब्रश आणि कात्री घेऊन उभ्या. त्यांना त्याचं काही वाटायचं असं मला कधी दिसलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "कपडा घालणारा मिरवतो गं. शिवणाऱ्याला टाके दिसतात."

सरकार त्याच टोपलीत वाढला. त्याच्या आईला दूध उतरलं नव्हतं, म्हणून त्याला जाऊबाईंनी पाजलं. नाव मामंजींनी ठेवलं, आणि मग घरात विनोदांना ऊत आला. सरकार उठले का, सरकार रुसले, सरकार दाराला शिंगं मारतात. पण तो होताच तसा. मान ताठ, पाय खांबासारखे, केस जमिनीला टेकतील इतके लांब. मोठ्या प्रदर्शनात त्यानं पहिला नंबर काढला आणि लांबलांबचे लोक आपापल्या शेळ्या घेऊन आमच्या फाटकाशी यायला लागले. सगळ्यांना सरकारचीच पिल्लं हवी होती. मामंजी त्या दिवसांत पायऱ्यासुद्धा उड्या मारत उतरायचे.

करडू जन्मलं की जाऊबाई ते पुसायच्या, नाक मोकळं करायच्या आणि त्याच्या तोंडात बोट घालून बघायच्या. शेळीला वरचे पुढचे दात नसतात, खालचे दात वरच्या हिरडीला नीट टेकले तर तिला चारा तोडता येतो. त्या वर्षी त्यांनी एका करडाच्या तोंडात बोट घातलं आणि तशाच थांबल्या. मग माझा हात धरून माझं बोट आत घातलं. खालचा जबडा आखूड होता. दात हिरडीच्या बरेच मागे राहत होते.

आदल्या वर्षी असंच एक झालं होतं. तेव्हा मामंजी म्हणाले होते, एखादं निघतं असं. ते करडू लवकरच गेलं आणि विषय संपला. पण या खेपेला थोड्या दिवसांनी दुसऱ्या शेळीचंही एक पिल्लू तसंच निघालं. आया वेगवेगळ्या, बाप एकच. जाऊबाई त्या पिल्लाला मांडीवर घेऊन गोठ्यात बसून राहिल्या. मी चहाला बोलवायला गेले तर म्हणाल्या, "रक्तात आहे गं. ज्याच्या त्याच्या गोठ्यात गेलं असणार." जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनीही मान हलवली. बोकडाचा वापर थांबवा म्हणाले.

जेवायला सगळे बसल्यावर जाऊबाईंनी ते सांगितलं. मामंजी जेवत राहिले. घास संपवून म्हणाले, की ही गोष्ट या चार भिंतींत राहील. प्रदर्शन तोंडावर आलंय, ते होऊ दे, मग बघू. भावजींनी वडिलांची री ओढली. सगळा कळप सरकारवर उभा आहे, लोकांत बोभाटा झाला तर आयुष्यभराचं केलेलं धुळीला मिळेल, असं ते म्हणाले. आणि ते काही खोटं नव्हतं. आमचे हे ताटात बघत राहिले. मी पण. जाऊबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी सगळ्यांना वाढलं आणि ताटं उचलली.

दोन-तीन दिवसांनी पोस्टमन आला. तो नोकरीतून निवृत्त झालेला, साधा माणूस. शेळ्या पाळायचं वेड त्याला आमच्याकडे येऊन येऊनच लागलं होतं. सरकारच्या दोन मुली त्याच्या गोठ्यात होत्या आणि आता तो तिसरी शेळी घेऊन आला होता. मामंजी अंगणात खुर्चीवर बसले होते. ते त्याला बस म्हणाले, चहा सांगितला. मी आत आधण ठेवलं आणि खिडकीतून बघते तर जाऊबाई गोठ्यातून ते करडू कडेवर घेऊन येत होत्या.

त्या पोस्टमनसमोर उभ्या राहिल्या आणि अंगठ्यानं करडाचं तोंड उघडलं.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "हे सरकारचं आहे. असं आणखी एक आहे."

पोस्टमननं चष्मा वर केला, वाकून बघितलं. त्याला समजायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे माझ्या दोघींतही हे असणार?"

"असेल. दिसत नसलं तरी असेल. आमच्याकडून गेलंय, म्हणून सांगते."

तो मामंजींकडे बघायला लागला. मामंजी उठले आणि घरात आले. माझ्या समोरून गेले, पण मी तिथे आहे हे त्यांना दिसलंसुद्धा नाही. पोस्टमननं चहा घेतला नाही. शेळीची दोरी गुंडाळत गुंडाळत तो गेला.

त्यानंतर मामंजींनी जाऊबाईंशी बोलणं टाकलं. काही हवं असलं तर ते मला सांगायचे, आणि जाऊबाई शेजारीच उभ्या असल्या तरी मी ते त्यांना सांगायचं. एरवी हसू आलं असतं. भावजीही घुमे झाले होते. जाऊबाईंनी मात्र हातातलं काम उरकलं की चपला घालून निघायचं सुरू केलं. सरकारची पिल्लं जिथे जिथे गेली होती त्या घरी जायचं आणि सांगायचं. त्या एकट्या जातात हे मला बघवेना, म्हणून मी बरोबर जायला लागले.

प्रत्येक घरी वेगळंच. एका शिक्षिकेनं आम्हाला बसवलं, सगळं नीट विचारून घेतलं आणि तिच्या पिल्लांची तोंडं आमच्याकडून तपासून घेतली. बेकरीवाल्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, दुसऱ्यांचे कळप बुडवून यांना आपलाच वर काढायचाय. जाऊबाईंनी चपला घातल्या. रस्त्याला लागल्यावर मीच धुसफुसत होते. त्या म्हणाल्या, "बोलू दे. त्यानं लेकरासारखं वाढवलंय ते. मी काय आनंदाची बातमी नेली होती का?" मग थोडं चालल्यावर, "मला पण सोपं नाही गं. सरकारला मी बाटलीनं पाजलंय." पदर खोचून त्या पुढच्या घराकडे वळल्या.

प्रदर्शनाला सरकार जाणार हे मामंजींनी मला सांगितलं, म्हणजे जाऊबाईंना सांगितलं. मला वाटलं त्या नाही म्हणतील. पण त्यांनी आदल्या दिवशी त्याला न्हाऊ घातलं, केस वाळवले, विंचरले, खुरं तासली. इतकं देखणं त्यांनी त्याला कधीच सजवलं नव्हतं. मी काही विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, "त्याचा काय दोष? रूप तर त्याचंच आहे."

मैदानात सरकार उतरला आणि पहिला आला. परीक्षकांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, टाळ्या झाल्या, मामंजींनी ढाल घेतली. त्यांचा चेहरा मात्र नेहमीसारखा फुललेला नव्हता. मंडपामागे आल्याबरोबर लोकांनी गराडा घातला. सगळ्यांनाच काही अजून बातमी लागलेली नव्हती. लांबून आलेला एक जण, घोड्यांची खोगिरं बनवणारा, हात जोडून म्हणाला, "आजोबा, माझ्या शेळ्या कधी आणू?"

मामंजी ढाल छातीशी धरून उभे होते. त्यांनी एकदा भावजींकडे बघितलं. भावजी उत्तर द्यायला पुढे सरकले, तसा मामंजींनी हात आडवा धरला.

"आमच्या थोरल्या सूनबाईंना विचारा," ते म्हणाले. "त्या सांगतील."

आणि ते टेम्पोच्या सावलीला जाऊन बसले. जाऊबाईंच्या हातात ब्रश होता. तो खाली ठेवून त्यांनी त्या माणसाला, आणि मग जमलेल्या सगळ्यांना, पहिल्यापासून सांगितलं. लोक हळूहळू पांगले. काहींनी सरकारकडे असं बघितलं, जसं आजारी माणसाकडे बघतात. त्याला त्याचं काही नव्हतं. तो खोगीरवाल्याची पिशवी हुंगत होता.

टेम्पो घरी आला. गोठ्याशी उतरल्यावर मामंजी जाऊबाईंना म्हणाले, "डॉक्टरांना बोलवून घे. त्याला खच्ची करून टाकू." इतक्या दिवसांनी ते त्यांच्याशी पहिल्यांदा बोलले, तेही एवढंच. जाऊबाई बरं म्हणाल्या.

पुढची बरीच वर्षं आमच्या घरी ढाल आली नाही. सरकारच्या ज्या लेकी होत्या त्या साध्या पाळणाऱ्यांना देऊन टाकल्या, तेही सांगून. कळप अगदी विरळ झाला. जुन्या रक्ताची एक म्हातारी शेळी आणि सरकारच्या आधी झालेल्या तिच्या दोन मुली, एवढ्यांवरून पुन्हा सुरुवात. त्यांच्यासाठी बोकड सुचवला तो पोस्टमननं. एक दिवस तो सायकलवरून आला, फाटकातूनच ओळखीच्या माणसाचा पत्ता सांगितला, आणि या वेळी चहाला थांबला. बेकरीवाला अजूनही रस्त्यात दिसला की मान फिरवतो. आखूड जबड्याचं एक करडू लवकर गेलं. दुसरं जगलं, त्याला जाऊबाई चारा बारीक कापून घालतात.

सरकार शांत झाला, अंगानं सुटला. दुपारी तो अंगणात पडून असतो आणि मामंजी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचतात. जाऊबाईंच्या त्या बोलण्याविषयी ते आजतागायत बरं-वाईट काही बोललेले नाहीत. पण करडू झालं की हल्ली पहिलं बोट त्यांचं असतं, आणि मग ते जाऊबाईंना हाक मारतात, त्यांनीही बघावं म्हणून.

यंदा एक पाठ, म्हणजे तरुण शेळी, बरी निघाली आहे. प्रदर्शनाला न्यायची म्हणतात. तिच्या गुडघ्यावरचे केस किती ठेवायचे यावरून दोघांचं सकाळपासून चाललं आहे. मामंजी म्हणतात लांब, जाऊबाई म्हणतात आखूड. आमच्या ह्यांनी मला कोणाची बाजू घेणार म्हणून विचारलं, तर मी सांगितलं, कात्री ज्यांच्या हातात आहे त्यांची.